सालईचें झाड : ओळख आणि लागवड

मानवत हें परभणी जिल्ह्यांतील कापसाच्या बाजारपेठेचें गांव. मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मानवत रोड हें स्थानक लागतें. तेथून गांवाच्या दिशेनें निघालें कीं दोन्ही अंगांस काळ्या जमिनीचीं शेतें पसरलेलीं दिसतात. या मुलखांत ऊन मुबलक, झाडें मात्र थोडीं. परभणी जिल्ह्यांत रान म्हणण्याजोगें अत्यल्पच. जें आहे तें बहुतेक उत्तरेस जिंतूरकडे अजिंठ्याच्या डोंगरांच्या फांट्यांवर आणि दक्षिणेस गंगाखेडकडे बालाघाटाच्या अंगास. अशा प्रदेशांत एखाद्यानें पडीक बरडावर झाड लावावयाचें मनांत आणलें, तर कडुनिंब आणि बाभूळ यांपलीकडे त्याची दृष्टि सहसा जात नाहीं. सालईचें नांव तर त्याला सुचतहि नाहीं. वस्तुतः जेथें उन्हाचा मारा सर्वांत अधिक आणि माती सर्वांत कमी, तेथें उभें राहण्याची हातोटी सालईइतकी फार थोड्या झाडांस साधली आहे. शिवाय तिच्या सालींतून स्रवणारा सुगंधी चीक धूप म्हणून व औषध म्हणून शेंकडों वर्षें वापरांत आहे. असें असून या झाडाची नवी पिढी रानांत क्वचितच दिसते. याचें कारण समजून घेतलें, तर सालई लावावी कशी याचें उत्तर त्याच कारणांत सांपडतें.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. सालईला संस्कृतांत शल्लकी म्हणतात. निघंटुकारांनीं तिला गजभक्ष्या असेंहि एक नांव दिलें आहे, कारण हत्तीला तिचा पाला प्रिय असतो. मराठींत सालई हेंच नांव बहुधा चालतें. कांहीं भागांत सालफळी असेंहि म्हणतात. शास्त्रांत तिला बॉस्वेलिया सेराटा म्हणतात. यांपैकीं सेराटा म्हणजे करवतीसारखी दातेरी. हें विशेषण तिच्या पर्णिकांच्या कडांना उद्देशून आहे. नामसादृश्यामुळें सालई आणि साल हीं एकच समजण्याची चूक पुष्कळदां होते. साल हा मध्य व पूर्व भारतांतील निराळा वृक्ष असून राळ नांवाचा पदार्थ त्याच्यापासून मिळतो. गुग्गुळ हें सालईच्याच कुळांतील, परंतु कांटेरी व ठेंगणें झुडूप आहे. आणि ऊद अथवा लोबान म्हणून जो पदार्थ विकला जातो, तो बहुधा सुमात्रा बेटाकडील तिसऱ्याच एका झाडाचा असतो. धूप एकाच ताटांत जळतो म्हणून त्याचीं झाडें एक ठरत नाहींत.

हा घोटाळा सामान्य लोकांचाच होता असें नव्हे. पंडितहि त्यांतून सुटले नाहींत. इजिप्तच्या हत्शेप्सूत राणीनें ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकांत पुंत देशास गलबतें पाठवून सुगंधी राळेचीं जिवंत झाडें मुळांसकट टोपल्यांत घालून आणविलीं. त्याचीं चित्रें तिच्या मंदिराच्या भिंतींवर आजहि पाहावयास मिळतात. ग्रीक, रोमन व यहुदी लोकांच्या देवळांतून जळणारा असा मौल्यवान धूप कोणत्या झाडाचा, हा प्रश्न युरोपांत दीर्घकाळ चर्चेंत होता. इसवी सन १८०७ सालीं हेन्री कोलब्रुक यांनीं एशियाटिक रिसर्चेस या ग्रंथमालेंतील लेखांत तो मान भारतांतील सालईस दिला आणि रॉक्सबर्ग यांनीं ठेवलेलें तिचें शास्त्रीय नांव त्याच लेखांत प्रसिद्ध झालें. पुढें अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करणारे वैद्य हेन्री कार्टर आणि मुंबईंत राहून वनस्पतींचा अभ्यास करणारे जॉर्ज बर्डवुड यांच्या लेखनानें हें स्पष्ट झालें कीं, तो धूप अरबस्तान व सोमालीलँड येथील झाडांचा होय. तीं झाडें सालईचीं सख्खीं भावंडें. पण सालई नव्हेत. म्हणजे सालईनें त्या प्राचीन कीर्तीचा वांटा गमावला, परंतु तिचें कुळ काय तें निश्चित झालें. आणि त्या कुळाचा स्वभाव एकच आहे : कोरडा डोंगर, उघडें ऊन आणि सालींत सांठविलेला सुगंधी चीक.

आतां ओळख. सालई मध्यम उंचीची, साधारण ३० ते ५० फूट वाढणारी असते. खडकाळ माथ्यावर तिचें खोड वांकडें व आंखूड राहतें. जरा बरी माती मिळाली कीं तें सरळ चढतें. ओळखीची पहिली खूण साल ही होय. ती राखी, किंचित् हिरवट अथवा तांबूस झांक असलेली असून तिचे पातळ, गुळगुळीत पापुद्रे कागदासारखे सुटतात. पापुद्र्याखालीं हिरवट थर दिसतो. नखानें किंवा चाकूच्या टोंकानें सालीस हलकासा ओरखडा काढला तर चिकट चीक येतो आणि त्याला धुपाचा वास येतो. हा वास एकदां नाकांत बसला म्हणजे पुढें पुस्तकाची गरज उरत नाहीं.

दुसरी खूण पानांची. पान संयुक्त असून आठ इंचांपासून सव्वा फुटापर्यंत लांब असतें. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर पर्णिकांच्या आठ ते पंधरा जोड्या आणि टोंकास एकटी पर्णिका, अशी त्याची रचना असते. पर्णिकांना देंठ जवळजवळ नसतोच आणि त्यांच्या कडा दातेरी असतात. सर्व पानें फांद्यांच्या शेंड्यांशीं झुबक्यांनीं येतात, त्यामुळें पावसाळ्यांत दुरून पाहतां झाडाच्या प्रत्येक फांदीस हिरवा तुरा खोंवल्याचा भास होतो. हिंवाळा सरत आला कीं पानें पिवळीं पडून गळूं लागतात आणि उन्हाळाभर झाड उघडें राहतें. त्या उघडेपणांतच, माघ-फाल्गुनाच्या सुमारास, लहान पांढरीं सुवासिक फुलें येतात. फळ अर्ध्या इंचाच्या आसपास, तीन धारांचें. पिकलें कीं तें तीन शकलांत उकलतें. तीन धारांचें हें फळ झाडाखालीं सांपडल्यास ओळखीबद्दल संशय ठेवण्याचें कारण नाहीं.

तरीहि फसवणूक होते ती बहुधा तीन झाडांमुळें. पहिलें मोई, ज्यास कोठें कोठें शिमटी म्हणतात. तेंहि उन्हाळ्यांत निष्पर्ण असतें आणि त्याचीं पानेंहि शेंड्यांशीं झुबक्यानें येतात. परंतु मोईच्या पानास पर्णिकांच्या तीन ते पांच जोड्याच असतात व कडा अखंड, दांत नसलेल्या असतात. तिची साल कागदासारखी न सुटतां जाड खपल्यांनीं निघते, आणि सालीचा आंतील भाग तांबूस असतो. दुसरें काकड. तें सालईच्याच कुळांतलें असल्यानें पर्णिकांच्या कडा त्याच्याहि कातरलेल्या असतात; पण त्याचें फळ गोल, मांसल, आंबट व खाण्याजोगें असतें, आणि पानांवर बहुधा किड्यांनीं केलेल्या गांठी आढळतात. तिसरें कांडोळ. त्याचें पांढुरकें, चकचकीत खोड सालईच्याच टेंकडीवर दिसतें आणि दुरून दोहोंची गल्लत होते. मात्र कांडोळाचें पान साधें, पंजासारखें पांच पाळ्यांचें. आणि त्याच्या डिंकाला धुपाचा वास नसतो.

पानें, फुलें, फळें कांहींच हातीं नसतील, तर चिकाची परीक्षा करावी. सालईचा वाळलेला चीक निखाऱ्यावर टाकला तर सुगंधी धूर देत जळतो. मोईचा डिंक तसा दरवळत नाहीं. पाण्यांत घोटला असतां सालईच्या चिकाचें दुधासारखें मिश्रण होतें, कारण त्यांत राळ, तेल व डिंक हे तिन्ही पदार्थ एकत्र असतात. डिंक पाण्यांत विरतो, राळ विरत नाहीं, आणि तिचे बारीक कण पाण्यांत तरंगत राहतात. ही परीक्षा कोणाच्याहि स्वयंपाकघरांत करतां येण्यासारखी आहे.

ओळख पटल्यावर स्वभाव पाहावा. सालईला दुसऱ्याची सावली सोसत नाहीं. सातपुड्यांत मेळघाटाकडे किंवा खानदेशाच्या उत्तर सीमेवर पाहिलें तर खोल मातीच्या दऱ्यांतून साग आढळतो आणि वरच्या उन्हाच्या माथ्यांवर सालईचे थवे उभे असतात. माथा तिला आवडतो म्हणून नव्हे, तर तेथें तिच्यावर सावली धरणारा कोणी नसतो म्हणून. वर्षांतून कांहीं महिने ती निष्पर्ण असते. अर्थात् उरलेल्या महिन्यांतच वर्षभराचें अन्न तयार करावें लागतें. त्या दिवसांत शेजारच्या मोठ्या झाडानें ऊन अडविलें तर सालईची उपासमार होते. दुसरी गोष्ट पाण्याची. तिला कोरड सोसते, सांचलेलें पाणी सोसत नाहीं. मानवतच्या शिवारांतील खोल काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत पाणी धरून ठेवते. अशा जमिनींत सालई लावणें म्हणजे तिचीं मुळें कुजविणें होय. कापसाला जें मानवतें तें सालईला मानवत नाहीं. तिची जागा म्हणजे मुरमाड माळ, टेंकडीचा उतार, दगडगोट्यांचा बांध, जेथें कापूस सोडाच, ज्वारीहि धड येत नाहीं अशी बरड. गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत आणि मोठें झाड वणव्यांतूनहि बहुधा तगतें. इतकी ती काटक आहे.

मग इतक्या काटक झाडाचीं रोपें रानांत कां दिसत नाहींत? याचें एक कारण उघड आहे. मोठें झाड वणव्यांतून वांचतें, रोप वांचत नाहीं. आणि उन्हाळी रानास आग लागली कीं वर्षा-दोन वर्षांचीं रोपें त्यांतच संपतात. दुसरें कारण अधिक खोल आहे आणि तें फुलांतच दडलेलें आहे. सालईच्या फुलास स्वतःच्याच झाडाचा पराग चालत नाहीं. फळ धरावयाचें तर पराग दुसऱ्या झाडाचा लागतो, आणि तो आणण्याचें काम मुख्यतः मधमाश्या करतात. दिल्ली विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञांनीं या शतकाच्या आरंभीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, निसर्गावर सोंपविलेल्या फुलांपैकीं शेंकडा सुमारे दहांनाच फळ धरतें. उलट दुसऱ्या झाडाचा पराग हातानें लावला तर हें प्रमाण शेंकडा ऐशींच्या जवळ जातें. म्हणजे फुलांत दोष नाहीं, दोष एकाकीपणाचा आहे. झाडें तुटून विरळ झालीं, एका झाडापासून दुसरें लांब पडलें, मधमाश्यांचीं पोळीं कमी झालीं, कीं फुलें येतात आणि वांझ झडतात. बाहेरून पाहणाऱ्यास झाड बहरलेलें दिसतें. त्याचा वंश मात्र तेथेंच थांबलेला असतो.

हें ध्यानांत ठेवूनच लागवडीचा विचार करावा. लागवडीच्या वाटा दोन : बियांची आणि फांदीची. बियांपासून रोप करावयाचें असल्यास फळें उकलण्यापूर्वीं, वैशाख-ज्येष्ठांत, झाडावरूनच काढावीं आणि बीं ताजें असतांनाच पेरावें. सांठवून ठेवलेल्या बियांची उगवणशक्ति लवकर जाते. बियांत पोकळ पुष्कळ निघतात, म्हणून हवीं त्याहून कितीतरी अधिक पेरावीं. रोप वर आलें कीं त्याचीं पहिलीं दोन बीजपत्रें हाताच्या बोटांसारखीं चिरलेलीं दिसतात. हें ठाऊक नसल्यास तण समजून नेमकें तेंच उपटलें जाण्याचा संभव असतो. वाफा उघड्या उन्हांत असावा, पाणी बेतानें द्यावें, आणि पहिल्या वर्षीं रोपाची उंची पाहून निराश होऊं नये. तें वर वाढण्याआधीं खालीं मूळ पोसीत असतें.

फांदीची वाट अधिक सोपी आणि खेड्यांतील माणसाच्या परिचयाची आहे. बांधावर शेवग्याची किंवा पांगाऱ्याची फांदी जशी रोंवतात, तशीच सालईचीहि रोंवतां येते. झाड निष्पर्ण असतांना, साधारण मार्च ते मे या महिन्यांत, मनगटाहून थोडी जाड व पांच-सहा फूट लांब अशी निरोगी फांदी निवडावी. कापतांना बुडखा तिरपा व शेंडा आडवा कापावा, म्हणजे रोंवतांना उलटसुलट होत नाहीं. कापलेली फांदी सावलींत कांहीं दिवस ठेवून जखम सुकूं द्यावी. ओल्या जखमेनिशीं ती मातींत गेली तर बुडखा कुजतो. वरच्या टोंकास शेणमातीचा लेप द्यावा. मग दीड-दोन फूट खोल खड्ड्यांत ती उभी करून मुरूम-माती घट्ट दाबावी, आणि दोन फांद्यांत पंधरा ते वीस फुटांचें अंतर ठेवावें, म्हणजे पुढें एकीची सावली दुसरीवर पडणार नाहीं. पाऊस पडेपर्यंत खड्डा किंचित् ओलसर असला कीं पुरे. रोज पाणी घालणें हा येथें लोभ नव्हे, घात आहे.

पहिल्या पावसाबरोबर फांदीला कोंब फुटले कीं लावणाऱ्यास हर्ष होतो, पण तो हर्ष अवेळीं असतो. ते कोंब फांदींत सांठलेल्या अन्नावर फुटतात; त्यांवरून मूळ धरलें असें समजूं नये. मूळ आलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं फांदी हलविणारा मनुष्य कोंवळें मूळ स्वतःच्या हातानें तोडतो. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यांत पानें पुन्हा आलीं तरच झाड लागलें असें म्हणावें. तोंवर भोंवतालचें वाळलेलें गवत उन्हाळ्यापूर्वीं कापून दोन हातांचें आळें मोकळें ठेवावें, कारण आगीचें भय तेवढें खरें आहे.

आतां लागवडींतील सर्वांत महत्त्वाची, आणि बहुधा दुर्लक्षिली जाणारी गोष्ट. एका झाडाच्या शंभर फांद्या लावल्या तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तें एकच झाड शंभर ठिकाणीं उभें असतें. त्या शंभरांना एकमेकांचा पराग उपयोगी पडत नाहीं. फुलें येतील, मधमाश्या येतील, फळ मात्र धरणार नाहीं. मूळापासून फुटलेल्या धुमाऱ्यांचीहि तीच गोष्ट. यास्तव फांद्या निदान पांच-सहा निरनिराळ्या, एकमेकींपासून दूर उभ्या असलेल्या झाडांवरून घ्याव्या आणि लावतांना त्या मिसळून लावाव्या. चार बियांचीं रोपें त्यांत असतील तर आणखी बरें. राखीव रानांतील फांदी वनखात्याच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. ती परवानगी घेणें हें कायद्याच्या दृष्टीनें जसें आवश्यक आहे, तसेंच रानाच्या हिताच्या दृष्टीनेंहि.

झाड मोठें झाल्यावर चीक काढण्याचा मोह होतो. व्यवसायी लोक पावसाळा संपल्यावर, खोडाच्या तळाशीं, जमिनीपासून अर्ध्या फुटावर, सालीचा पातळ पट्टा तासतात. जखमेंतून चीक पाझरतो, तो खरवडून घेतात व जखम पुन्हा ताजी करतात. हा क्रम पुढचा पाऊस येईपर्यंत चालतो. ओला चीक बांबूच्या टोपलींत महिनाभर ठेवला म्हणजे पातळ रस गळून जातो आणि घट्ट डिंक उरतो. एका झाडापासून वर्षास साधारण किलोभरच चीक मिळतो. अर्थात् अधिक चिकाच्या लोभानें पट्टा रुंद केला किंवा कुऱ्हाडीचा घाव लाकडापर्यंत नेला, तर उत्पन्न थोडें वाढतें आणि झाड पुष्कळ खंगतें. तीन फुटांहून कमी घेराच्या झाडास चीर घालूं नये, आणि घातलेल्या झाडास मधून मधून विश्रांति द्यावी, हा नियम पाळला तर तेंच झाड अनेक वर्षें देत राहतें.

सालईवर ओढ नेहमीं चिकासाठींच होती असें नाहीं. नेपानगर येथें १९५५ पासून वृत्तपत्रांचा कागद तयार होऊं लागला, तेव्हां त्याच्या लगद्यासाठीं बांबूबरोबर सातपुड्यांतील सालईचें पांढरें मऊ लाकूड वापरलें गेलें. स्वतंत्र भारताच्या वृत्तपत्रांचीं कांहीं पानें सालईचीं होतीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं. नंतर औषधांचा काळ आला. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेंत १९८० नंतरच्या दशकांत सालईच्या चिकांतील बॉस्वेलिक आम्लांवर प्रयोग झाले, आणि सूज व सांधेदुखी यांवर त्यांचा उपयोग जगभर तपासला जाऊं लागला. त्यामुळें मागणी वाढली. परंतु चीक येतो तो अजूनहि मुख्यतः रानांतल्याच झाडांचा. औषध कारखान्यांत होतें, झाड कारखान्यांत होत नाहीं.

या मार्गाचा शेवट कोठें होतो हें सालईच्या आफ्रिकेंतील बहिणीनें दाखविलें आहे. इथिओपिया, इरिट्रिया व सुदान या देशांत धुपाच्या झाडांची पाहणी करून २०१९ सालीं शास्त्रज्ञांनीं असा इशारा दिला कीं, पुष्कळ रानांत कित्येक दशकांत नवें झाड उभें राहिलेलेंच नाहीं, आणि हाच क्रम राहिला तर सुमारे वीस वर्षांत धुपाचें उत्पन्न निम्म्यावर येईल. तेथें झाडें आहेत, पण सगळीं वृद्ध. घर माणसांनीं भरलेलें असावें आणि पाळणा रिकामा असावा तशी स्थिति. आपल्या डोंगरांवर सालई अद्याप पुष्कळ आहे. परंतु तिच्या खालीं रोप दिसतें कीं नाहीं, हा प्रश्न तिचीं उभीं खोडें मोजून सुटत नाहीं.

मानवतसारख्या गांवीं याचा व्यवहार्य अर्थ एवढाच कीं, काळ्या शेतांत सालई खुपसण्याचा अट्टाहास करूं नये. तीं शेतें कापसाचीं व ज्वारीचींच राहोत. परंतु गांवाच्या शिवारांत जो मुरमाचा उंचवटा, जें उघडें गायरान किंवा जो दगडी बांध कोणाच्याच उपयोगाचा नाहीं म्हणून पडून आहे, तेथें पंधरा-वीस फांद्या, निरनिराळ्या झाडांवरून आणलेल्या, चैत्र-वैशाखांत रोंवाव्या. खर्च जवळजवळ नाहींच. लागतो तो दोन पावसाळ्यांचा धीर. आणि कांहीं वर्षांनीं उन्हाळ्यांत त्या झाडांखालीं तीन धारांचीं उकललेलीं फळें सांपडलीं, तर लावणाऱ्यानें नुसतीं झाडें लावलीं नाहींत, थांबलेला एक वंश पुन्हा चालता केला, असें खुशाल समजावें.